बेंबीतून प्लीहा काढलेल्यांनो, वर्षभरानंतर कसे आहात? अनुभव लिहा

माझ्या धाकट्या बहिणीची (वय २६) प्लीहा पुढच्या महिन्यात काढायची ठरली आहे. दोन वर्षं आयटीपी आहे, म्हणजे शरीरच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी नष्ट करतं. प्लेटलेट कधी १२ हजार, कधी १५ हजार. स्टेरॉइडने चढतात, गोळी कमी केली की पुन्हा खाली. हातापायांवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. सर्जन म्हणतात, बेंबीतल्या एकाच छेदातून करू, नाहीतर नेहमीसारखी तीन-चार भोकं पाडून. तिचं लग्न जमत आलंय म्हणून घरात सगळ्यांचा ओढा एका छेदाकडे. मला मात्र पुढे काय होतं ते ऐकायचंय. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.
– पेडणे

फोंडा, वय ३८
माझंही आयटीपीच. ऑपरेशनआधी न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल आणि हिब अशा जंतुसंसर्गाविरुद्धच्या लशी घेतल्या. किमान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात, तेव्हा तारीख ठरवतानाच विचारा. प्लीहा आतच पिशवीत घालून, तिचे तुकडे करून बाहेर काढली. पहिल्या रात्री पोटापेक्षा डावा खांदाच जास्त ठणकला. हृदयाचं काही आहे की काय म्हणून मी रडकुंडीला आले. सिस्टर म्हणाल्या, पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं, जाईल. दोन दिवसांत गेलं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन उकड्या तांदळाची पेज जेवले. आठवड्याने प्लेटलेट ६ लाख! इतक्या वाढल्या की यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून रोज चालायला लावलं, पोट दुखलं तर लगेच या म्हणाले. आता पाच वर्षं गोळीविना दीड लाखाच्या वर आहेत. व्रण बेंबीत शोधावा लागतो.

मडगाव
आमच्या ह्यांची प्लीहा बरीच वाढलेली होती. एका छेदातून सुरू केलं, मुळाशी रक्त येऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी आणखी दोन भोकं पाडली. माणूस सुखरूप घरी आला, आमची काही तक्रार नाही.

डिचोली, वय ४४
माझं ऐका. ऑपरेशन उत्तम झालं, प्लेटलेट चढल्या. आठ महिन्यांनी चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची लाकडी चौकट वर चढवताना बेंबीपाशी कळ आली. रात्री पाहतो तर लिंबाएवढी गाठ, झोपलं की आत जायची. हर्निया. जाळी बसवायला पुन्हा टेबलावर. बेंबीतला हा छेद इतर भोकांपेक्षा मोठा, अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो आणि स्टेरॉइड खाल्लेल्यांची जखम उशिरा भरते. वजन कधीपासून उचलायचं ते मला कुणी बजावून सांगितलं नव्हतं. तुमच्या बहिणीला सांगा, पाण्याची कळशीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नको.

वाळपई
माझ्या मुलाचा आजार वेगळा, रक्तातल्या तांबड्या पेशी गोल होऊन फुटतात, जन्मापासूनचा. डोळे कायम हळदीसारखे. सहा वर्षांचा होईपर्यंत थांबलो, कारण लहानपणी प्लीहा काढली तर जंतुसंसर्गाचा धोका फार. नवव्या वर्षी प्लीहा आणि खडे झालेली पित्ताची पिशवी, दोन्ही एकाच छेदातून काढली. हिमोग्लोबिन ७ वरून १२ झालं. शिगम्यात रोमटामेळात नाचला पोर.

पण ताई, खरी गोष्ट तापाची. दीड वर्षाने एका रात्री ११ वाजता १०२ ताप. जवळच्या डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले व्हायरल असेल, सकाळी आणा. सर्जनने दिलेलं कार्ड माझ्या हातात होतं : 'प्लीहा नाही, ताप आल्यास लगेच अँटिबायोटिक'. घरात ठेवलेला पहिला डोस दिला, जाऊबाईंची गाडी काढली आणि थेट बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. वाटेत तो थरथरत होता, मी त्याच्या तळव्यांना घासत होते. शिरेतून औषध सुरू झाल्यावर पहाटे उतार पडला. ज्यांना प्लीहा नाही त्यांच्यात असा ताप काही तासांत जिवावर बेततो. कुत्रा चावला तरी थांबायचं नाही. व्रण एक असो की चार, हे सगळ्यांना सारखंच.

म्हापसा, वय ३१
माझा फायदा दहा महिने टिकला. मग प्लेटलेट पुन्हा २० हजारांवर घसरल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तिघांतल्या साधारण दोघांना कायमचा गुण येतो. स्कॅनमध्ये एक छोटी जादा प्लीहा राहिलेली दिसली. काहींना ती असतेच, म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती शोधतात. आता एल्ट्रोम्बोपॅग या प्लेटलेट वाढवणाऱ्या गोळीवर आहे, प्लेटलेट ७० हजारांच्या आसपास. पोट अगदी जसंच्या तसं दिसतं. बहिणीला व्रणाची काळजी असेल तर ती रास्तच आहे, मलाही होती. पण लग्नाआधी सासरच्यांना तापाचं सांगून ठेवा.

पेडणे
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीनं सगळं दोनदा वाचलं. सर्जनना सांगून आलो, गरज वाटली तर खुशाल आणखी भोकं पाडा. लशी सोमवारी. जादा प्लीहेचंही विचारलं, बघतो म्हणाले. वाळपईच्या ताई, ते कार्ड शाळेतही देऊन ठेवलंय का?

वाळपई
हो. एक दप्तरात, एक बाईंच्या कपाटात, एक माझ्या पर्समध्ये. बहिणीचा मोबाइल उघडला की पहिलं तेच दिसेल असं करा.