मॅनेजर बदलून सुटणारा प्रश्न नाही हा

नवा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, आला की सगळं सुरळीत होईल हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा फॅन म्हणून 2013 पासून हेच ऐकतोय. मोयेसला 6 वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं आणि पहिला सीझन संपायच्या आत काढला, मग व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार... प्रत्येकाची स्टाइल वेगळी, त्यामुळे आधीच्याने एवढे पाउंड ओतून आणलेले प्लेअर नव्याच्या सिस्टीममध्ये बसतच नाहीत. टेन हागचंच बघा ना, 2024 च्या जुलैमध्ये काँट्रॅक्ट वाढवलं, त्याच्या हाताखाली आयॅक्स या डच क्लबला खेळलेले डी लिख्त आणि मझरावी घेऊन दिले आणि ऑक्टोबरमध्ये नारळ दिला! मग अमोरिम आला तो थ्री-फोर-थ्री (मागे तीन डिफेंडर, मध्ये चार, पुढे तीन) घेऊन, तेही भर सीझनमध्ये, आणि टीम बांधलेली बॅक फोरच्या, म्हणजे मागे चार डिफेंडरच्या हिशोबाने, मग दोन्ही कडांनी वर-खाली धावणारे विंगबॅक आणायचे कुठून? अहो आमचा सगळ्यात यशस्वी मॅनेजर फर्ग्युसन 1986 ला आला आणि पहिली ट्रॉफी, एफए कप (इंग्लंडमधली नॉकआउट स्पर्धा), 1990 ला मिळाली, तेवढी कळ आता काढतं कोण. माझा राग मॅनेजरवर नाहीच, वर बसून निर्णय घेणाऱ्यांवर आहे, त्यांनी आधी खेळायचं कसं ते ठरवावं आणि मग त्यात बसणारा माणूस शोधावा.