मदत हवी आहे: अल्पाकाच्या लोकरीचा रिपोर्ट बघून नर कसा निवडावा?

माळावरचा:
ठिकाण बेंडिगोजवळ, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया. १४ हुआकाया (फुगीर, कुरळ्या लोकरीच्या) अल्पाका माद्या, कातरणी दर ऑक्टोबरात. लोकरीचे नमुने ओएफडीए २००० या तंतूची जाडी मोजणाऱ्या मशीनवर तपासून आले आहेत. दोन नरांपैकी एक पैदाशीला ठेवायचा, दुसरा खच्ची करून विकायचा.

नर अ: ८ महिने, पहिली कातरणी. सरासरी जाडी १७.८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), एसडी (तंतूंच्या जाडीतला चढउतार) ४.१, सीव्ही (तोच चढउतार सरासरीच्या टक्क्यांत) २३ टक्के.
नर ब: ४ वर्षे ८ महिने, पाचवी कातरणी. सरासरी २१.२, एसडी ४.२, सीव्ही १९.८ टक्के.

अ जास्त तलम दिसतोय, पण सीव्ही ब चा चांगला. काय धरायचं? शिवाय एक मादी गेल्या वर्षी २०.९ होती, यंदा थेट २५.३. काढून टाकू का?

कातरवाला:
पिल्लाची पहिली लोकर तलम असणारच, त्यावर नर ठरवू नका. वय वाढतं तशी जाडी वाढते. अ चा खरा रिपोर्ट पुढच्या ऑक्टोबरात, २० महिन्यांचा झाल्यावर. तोवर खच्ची करायचीही घाई नको. हाडं भरायच्या आत केलं तर पाय नको तेवढे लांबतात. दीड वर्षाचा होऊ द्या.

सीव्ही म्हणजे एसडी भागिले सरासरी. तुमच्या दोघांचे एसडी जवळपास सारखेच, फक्त अ ची सरासरी लहान म्हणून त्याचा सीव्ही फुगलाय. त्यामुळे एसडीकडेच बघा. पावणेपाच वर्षांच्या नराला ४.२ म्हणजे उत्तमच. ३० मायक्रॉनवरच्या तंतूंचं प्रमाणही बघा. टोचतात ते हेच, टोकं वाकत नाहीत म्हणून. घोंगडी उघड्या अंगावर घेतलेल्याला वेगळं सांगायला नको.

दुभतं:
मादीबद्दल तीन प्रश्न. गेल्या वर्षी अंगावर पिल्लू होतं का? यंदा भाकड आहे का? नमुना दोन्ही वेळा एकाच जागेवरून घेतला होता का?

माळावरचा:
गेल्या वर्षी पिल्लू पीत होतं, यंदा भाकड. अंगाने चांगलीच भरली आहे. नमुना गेल्या वर्षी बरगडीवरून, यंदा घाईत मांडीजवळून घेतला.

दुभतं:
मग दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. दुधाच्या वर्षी खाल्लेलं दुधात जातं, तंतू बारीक पडतो. भाकड वर्षी चारा अंगावर आणि लोकरीवर चढतो. त्यात मांडीची लोकर मुळात जाड. उपाशी कळपही रिपोर्टात तलम दिसतो, त्यावर भुलू नये. नमुना घेतला त्या दिवशी जनावर अंगाने किती भरलंय त्याचा गुण १ (हडकुळं) ते ५ (लठ्ठ) मध्ये लिहून ठेवा. ३ च्या आसपास असताना आलेला आकडा तेवढा विश्वासाचा.

नमुन्याची जागा: शेवटून तिसरी बरगडी, पाठकणा आणि पोट यांच्या बरोबर मध्ये. जनावर उभं असताना, कातरणीआधी घ्या. ५ बाय ५ सेंमी चौकोनातली लोकर कातडीलगत एकाच फटक्यात कापा. दुसऱ्यांदा कात्री फिरली की तुकडे मिसळतात. बटा पिळू नका, कापलेली बाजू एकीकडे ठेवा, कारण ही मशीन बटेच्या लांबीवर जाडी मोजत जाते. आलेखात कुठे खड्डा पडला ते कळतं. बहुधा चारा आटला तो काळ. धुऊ नका, पण ओली पिशवीत भरू नका. पिशवीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख आणि मागच्या कातरणीची तारीख लिहा. दरवर्षी लॅब आणि मशीन तीच ठेवा.

कातरवाला:
आता नरांचा हिशोब. नुसता आकडा नाही, त्याच कुरणातल्या, त्याच वयाच्या नरांपेक्षा किती कमी ते महत्त्वाचं. तुमच्याकडे बरोबरीच्यांची सरासरी किती?

माळावरचा:
अ च्या वयाची नर पिल्लं १८.४. ब च्या वयाचे नर २४.०, पण ते तीनच आहेत.

कातरवाला:
अ फक्त ०.६ ने पुढे, ब २.८ ने. जाडीची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला रक्तातून आलेला वाटा, ढोबळपणे एक तृतीयांश धरा. ब चा फरक २.८ भागिले ३, म्हणजे ०.९ च्या जवळ. पिल्लाला त्याच्या निम्मा मिळतो, साधारण ०.४५ मायक्रॉन. अ चा तसाच काढला तर ०.१. एका पिढीत ३ मायक्रॉन उतरवतो म्हणणारा विक्रेता चाऱ्याची करामत विकतोय. ब च्या बरोबरीचे तीनच नर असल्याने हा आकडा डळमळीत आहे. त्यामुळे ब च्या पिल्लांची दुसरी कातरणी पाहिल्याशिवाय त्याला सगळ्या माद्या देऊ नका. यंदा ७ पुरेत.

आणि लोकरीचं वजन तराजूवर घ्या. तलम लोकरीच्या मागे एकट्याने धावलात तर वजन घसरतं, कारण बारीक तंतू तेवढाच हलका.

माळावरचा:
त्या मादीचं काय करू?

दुभतं:
ठेवा. पुढच्या कातरणीला बरगडीवरून नमुना घ्या, मग ठरवा.