कागदावरचे सगळेच करार फुकट जात नाहीत

"आंतरराष्ट्रीय करारांनी आजवर काय दिवे लावले?" हा तुमचा प्रश्न क्योटो-पॅरिसच्या हवामान करारांपुरता असेल तर मी वाद घालत नाही. पण १९८७ चा मॉन्ट्रियल करार विसरू नका. ओझोनचा थर वाचवायला सीएफसी, म्हणजे फ्रीज-एसीत वापरले जाणारे वायू, बंद करायचं ठरलं आणि चक्क झालं. हेच वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जबर, त्यामुळे तापमानवाढीलाही थोडा लगाम बसला.

जमलं, कारण ते बनवणारे कारखाने मोजके होते, पर्याय हाताशी होते आणि गरीब देशांसाठी वेगळा निधी उभारला गेला. कोळशावर बरीचशी वीज आणि पोलाद उभं आहे. तिथे हे गणित बसत नाही.

सीएफसीच्या जागी पुढे एचएफसी वायू आले. ओझोनला निरुपद्रवी, पण तापवण्यात त्याच जातकुळीचे! म्हणून २०१६ ला रवांडातल्या किगालीत याच करारात दुरुस्ती झाली. त्यानुसार भारताला २०४७ पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्के घटवायचाय.

घरच्या एसीचं लेबल बघा. आर-३२ असेल, तर तोही एचएफसीच, कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापवणारा. आणि दुरुस्तीवाला व्हॉल्व्ह सैल करून उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडतो. त्याला तरी काय बोलणार? गॅस परत ओढून घेणारं मशीन परवडायला हवं ना! करारात हिशोब होतो तो उत्पादन आणि आयात-निर्यातीचा. आधीच एसीत भरलेल्या वायूची विल्हेवाट ज्या त्या देशावर सोडलीये.