मदत हवी आहे: ओव्हरीच्या कॅन्सरचे उपचार झाले, पण आईचं मन सावरत नाही

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, नाशिकला असते. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या सहा केमो झाल्या, स्कॅन चांगला आला. नातेवाईक म्हणतात, सुटलात! पण आईचा खरा त्रास आता सुरू झालाय.

दर तीन महिन्यांनी सीए-१२५ ची रक्ततपासणी असते, आजार परत आलाय का ते बघायला. तारीख जवळ आली की तिची झोप उडते, अन्न गोड लागत नाही. जरा गॅस झाला तरी पोट दाबून बघते, साडीची निरी घट्ट होतेय का ते चाचपते. सुरुवात पोट फुगण्यानेच झाली होती ना. हा आजार उलटू शकतो हे तिला ठाऊक आहे, त्यामुळे 'काही होत नाही गं' असं मला म्हणवत नाही.

त्यात बीआरसीए जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा, मुलांकडेही जाऊ शकणारा जनुकातला दोष निघाला. 'माझ्यामुळे आता तुलाही' हेच धरून बसलीय. माझी तपासणी व्हायचीय, पण तिच्यासमोर विषयच काढता येत नाही.

टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलून तिला थोडं बरं वाटलं. पण कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करणारे, मराठीत बोलणारे समुपदेशक कोणाला माहीत आहेत का? ऑनलाइनही चालतील. आणि ओव्हरीच्याच कॅन्सरमधून गेलेली कोणी ताई, मावशी आईशी फोनवर बोलेल का? तपासणीच्या आधीचे दिवस तुम्ही कसे काढता, तेवढं सांगितलंत तरी तिला फार आधार होईल.