पार्किन्सन्समुळे आईने रांगोळी सोडली, तिला परत कशात रमवू?

साताऱ्याची_लेक: आईला पार्किन्सन्स आहे, गोळ्या नीट चालू आहेत, पण तिने सगळंच सोडून दिलंय. दिवाळीत अर्ध्या गल्लीच्या दारात तिची रांगोळी असायची, आता हात थरथरतो म्हणून डबे माळ्यावर टाकलेत. हळदीकुंकवाला जात नाही, भिशी बंद, "सगळ्या माझ्या हाताकडेच बघतात" म्हणते. दिवसभर टीव्ही. कुणाच्या घरचं माणूस यातून परत कशात रमलंय का?

शुभंकर_कोथरूड: अगं रमतं, आमचे हे रमले. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला मी यांना जवळजवळ ओढूनच नेलं. तिथे बहुतेक सगळे शुभार्थीच, म्हणजे हाच आजार असलेले, चहाचा कप हलला तरी कुणी वळून बघत नाही, यांना तेवढ्यानेच किती हलकं वाटलं! मग हृषीकेश पवार यांच्या शुभार्थींसाठीच्या डान्स क्लासला जायला लागले. वरातीतही कधी न नाचलेला माणूस, घरात उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखे अडायचे पण गाणं लागलं की ठेक्यावर तेच पाय उचलायचे. आजार जात नाही, गोळ्याही वाढल्या, पण क्लासच्या दिवशी सकाळी स्वतःच तयार होऊन बसायचे.

फिजिओताई: ठेक्याचं कारण आहे. या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की सवयीच्या हालचाली अडखळतात, पण बाहेरून ताल किंवा डोळ्यासमोर खूण मिळाली की जमतं. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये असे वर्ग सुरू केले ते याच आजाराच्या लोकांसाठी. आईंना मुक्तहस्त रांगोळीऐवजी ठिपक्यांची द्या, या आजारात अक्षर बारीक होत जातं तशी रेघही आखडते, ठिपका दिसला की हात तिथवर जातो. आणि हा कंप बऱ्याचदा हात नुसता ठेवलेला असताना जास्त असतो. जमिनीवर वाकायला नको, टेबलावर पाट ठेवा, गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत बसवा.

निवृत्त_गुरुजी: मी स्वतः शुभार्थी. पेटी सुटली तेव्हा घरचे म्हणायचे, काहीतरी करत राहा, वेळ जाईल. मला त्याचाच राग यायचा, नुसता वेळ घालवायचाय का मला? मग भजनी मंडळातल्या पोरांनी चाली शिकवायला बोलावलं. बोलताना आवाज पुटपुटल्यासारखा येतो, गाताना बराच मोकळा होतो, पोरं मन लावून ऐकतात. तुमच्या आईंना रांगोळी काढा म्हणू नका, कुणाला तरी शिकवायला सांगा. त्यांची नजर आणि रंगांची जाण कुठे गेलीय?

साताऱ्याची_लेक: गुरुजी, हे खरंच डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या दोघी मुली मागेच विचारत होत्या, रविवारी बोलावते, टेबल आहे घरात. शुभंकरताई, मित्रमंडळाची सभा साताऱ्यातून ऑनलाइन बघता येते का?