राक्षसाचा रंग
सिनेमातले राक्षस काळेच का, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'फँटसीच आहे, त्यात रंग कशाला शोधायचा?' पण २०१५च्या 'बाहुबली'तले कालकेय, म्हणजे ती चाल करून येणारी रानटी टोळी, आठवा. त्यांच्यासाठी गीतकार मदन कार्कींनी किलिकी ही अख्खी भाषा रचली, व्याकरणासकट! आणि कातडीचं काय? काळं फासून मोकळे.

आम्हीही तेच केलं म्हणा. कॉलेजच्या शॉर्टफिल्ममध्ये राक्षस झालेल्या मित्राच्या हातांना कोपरापर्यंत काजळ चोळत होतो. तो म्हणाला, "अरे, आधीच काळा आहे मी, अजून किती?" सगळे खो-खो हसलो. रेकॉर्डर चालूच राहिला होता. एडिटला बसल्यावर हेडफोनमधून ते हसणं ऐकवेना. शेवटी त्याचे सगळे शॉट काढून भिंतीवरची नुसती सावली ठेवली. (सावलीही काळीच, मान्य!) पण प्रेक्षक जास्त टरकले.