मदत हवी आहे: मलय रुग्णांच्या कॉर्नियाची जाडी, मधुमेह आणि डोळ्याचा दाब

नमस्कार मंडळी. मी सिंगापूरला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. प्रबंधासाठी चाळिशीपुढच्या मलय रुग्णांच्या कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) मधली जाडी आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी रक्तचाचणी) यांचा संबंध तपासते आहे. २००४ ते २००६ मध्ये इथे झालेल्या 'सिंगापूर मलय आय स्टडी'त मधुमेहींची सरासरी जाडी साधारण ५४७ मायक्रॉन आणि इतरांची ५३९ आली होती. फरक छोटा आहे, म्हणून गणित चोख हवं.

अडलंय ते डोळ्याच्या दाबापाशी. दाब गोल्डमन टोनोमीटरने (कॉर्नियावर टेकवून डोळ्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलाय, आणि कॉर्निया जाड असला की तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा जाडीशी संबंध एकत्र तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये) दाब घातला की एचबीए१सीचा परिणाम बराच उतरतो. काढला की पुन्हा ठळक. वय, लिंग, बीएमआय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) दोन्ही मॉडेलमध्ये आहेतच. सूत्राने दाब दुरुस्त करूनही पाहिला, पण ती दुरुस्ती जाडीवरूनच होते, म्हणजे फिरून तिथेच.

विचाराल म्हणून सांगते: जाडी मोजायला अल्ट्रासाउंड पॅकीमीटर, फक्त उजवा डोळा, पाच रीडिंगची सरासरी. झोपेतून उठल्यावर कॉर्निया थोडा सुजलेला असतो, म्हणून सकाळी दहाच्या आधीचं एकही माप नाही. लेसिक किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाले वगळलेत. रुग्णांना पुन्हा बोलावता येणार नाही, दुसरा टोनोमीटरही नाही.

बायोस्टॅटिस्टिक्स किंवा काचबिंदूवर काम करणारं कोणी असेल तर कृपया सांगा: मुख्य मॉडेलमध्ये दाब ठेवावा की वगळावा, आणि वगळला तर परीक्षकांना कारण काय द्यावं?